वांग्याचं बी आणि वीतभर वरचा दिवा

उजेडातलं मला कळतं, असं मी आयुष्यभर सांगत आलो आणि ते खोटं नव्हतं. शाळा तिसरीत सुटली. पण भोसरीच्या एका फौंड्रीत भट्टीपुढं उभं राहून मी उमेदीची सगळी वर्षं काढली. वितळलेल्या लोखंडाच्या रंगावरनं मी सांगायचो, थांबा अजून, किंवा ओता आता. पुढं साहेबांनी उष्णता मोजायचं यंत्र आणलं. तरी यंत्र लावायच्या आधी ते माझ्याकडं बघायचे. मी मान हलवली की मगच पुढचं. असा ज्याचा डोळा, त्याला घरच्या सुनेनं उजेड शिकवावा, हे मला सोसवेना. मी ते सोसलं नाही. त्यापायी जे गेलं ते परत यायचं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमचं गाव मोशी. नदीकडं उतरत जाणारी आमची वावरं होती, तिथं आता बिल्डिंगी आहेत, आणि त्यातल्याच एकीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मी, मुलगा आणि सून. जिथं पाटाचं पाणी वळवायचो तिथं लोक गाड्या लावतात. ते दुखणं जुनं झालं, त्यावर मला काही लिहायचं नाही.

लिहायचंय ते वांग्यावर. आमच्या मळ्यात एक वांगं यायचं. बुटकं, पांढऱ्या-जांभळ्या रेघांचं, देठाला असे काटे की उघड्या हातानं तोडायची सोय नव्हती. बाजारात ते बी मिळत नाही. माझ्या आईनं ते माझ्या बायकोच्या हातात दिलं, आणि बायकोनं ते पुढं नेलं. दर साली चार वांगी झाडावरच पिवळी होईस्तोवर ठेवायची, मग चिरून बी धुवायचं, सावलीत वाळवायचं, राखेत घोळवायचं आणि दंतमंजनाच्या रिकाम्या डबीत भरून ठेवायचं. जमीन गेल्यावरही ती थांबली नाही. बिल्डिंगीमागं एक मोकळा प्लॉट होता, तिथं कोपऱ्यात तिनं आठ-दहा झाडं धरली. मग प्लॉटला पत्र्याचं कुंपण पडलं. त्याच्या पुढच्या साली ती गेली. मागं डबी राहिली.

वांग्याचं बी फार टिकत नाही. तीन साल, चार साल, मग ते मरतं, आणि मेलं तरी दिसायला तसंच दिसतं. डबीला चौथं साल लागलं होतं. यंदा लावलं नाही तर हे वांगं जगातनं संपलं, एवढं मला बिनशिकल्याला पण कळत होतं. पण लावायचं कुठं? घराला बाल्कनी आहे, पण समोर नवा टॉवर उभा राहिल्यापासनं तिथं ऊन येत नाही. कुंडीतला कढीपत्तासुद्धा झडून काटकी झाला.

सून लातूरकडची. चाकणकडच्या एका कंपनीत कामाला जाते. तिथं केळीची आणि फुलझाडांची रोपं बाटल्यांत वाढवतात. माती नाही, ऊन नाही, सगळं बंद खोलीत दिव्याखाली. मी तिच्या नोकरीला बाटलीतली शेती म्हणायचो, आणि ती हसून सोडून द्यायची. संक्रांत झाल्यावर एका रविवारी तिनं मला डबी हलवून कानाला लावताना बघितलं. म्हणाली, "मामा, डबीत मरण्यापेक्षा दिव्याखाली लावूत. मी आणते दिवा."

मला हो म्हणायचं नव्हतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे हो, असं तिनं धरलं.

पुढच्या आठवड्यात तिनं दिवा आणला. हातभर लांब पट्टी, तिच्यात हरभऱ्याएवढे दाणे, काही लाल, काही निळे. बाल्कनीलगतच्या खोलीत भिंतीला कपड्यांचा रॅक होता, त्याला तिनं ती पट्टी सुतळीनं टांगली. खाली काळा ट्रे, त्यात नारळाच्या काथ्याचा भुसा. मातीच नाही. दिवा लावला तसा सगळा कोपरा जांभळा-गुलाबी झाला. समोरच्या विंगेतला माझ्या वयाचा एकजण दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर म्हणाला, "राव, घरात ऑर्केस्ट्रा बार काढला का काय?" सगळे हसले. मी पण हसलो, पण आत कुठंतरी लागलं.

सुनेनं मला समजावून सांगितलं, ते खरं तर नीट सांगितलं होतं. आपल्या डोळ्याला जो उजेड भारी वाटतो तो पानाला भारी असेलच असं नाही. पानाला लाल आणि निळा जास्त लागतो. हिरवा ते बराचसा परत टाकतं, म्हणून तर आपल्याला ते हिरवं दिसतं. दिवा रोपाच्या वर वीतभरच ठेवायचा, लांब नेला की उजेड झपाट्यानं पातळ होतो. रोप वाढेल तशी सुतळी वर घ्यायची. चौदा तास दिवा, दहा तास अंधार. त्यासाठी तिनं बटणात एक घड्याळाची डबी बसवली, टायमर म्हणतात तिला. आणि एक खूण सांगितली. ट्रेवर हात धरायचा. हाताची सावली खाली ठसठशीत पडली तर उजेड पुरतोय. सावली फिकट पडली तर रोप उपाशी आहे.

माझ्या हाताची सावली मला शिकवतेय, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. बाकी काही शिरलं नाही.

मी निम्मं बी टाकलं. निम्मं डबीत ठेवलं, तेवढी अक्कल होती. दहाव्या दिवशी मोड दिसले. सगळे नाही उगवले, पण वीस-बावीस तरी कान वर आले. त्या दिवशी मी दोन वेळा भात मागून घेतला.

आणि मग मी हात घातला.

भट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाला दिवा म्हणजे चटका. आमच्या शेडमधे मोठाले हॅलोजन असायचे, जवळ हात नेला तर केस जळायचे. दोन पानांची कोवळी रोपं आणि वर वीतभर दिवा, माझा जीव वरखाली व्हायला लागला. पट्टीला हात लावून बघितला असता तर ती कोमटसुद्धा नव्हती. मी हात लावला नाही. सून कामाला गेल्यावर मी सुतळी सोडून दिवा पार रॅकच्या वरच्या दांडीला नेला. दोन हात उंच. आणि टायमर काढून दिवा सरळ बटणावर टाकला, रात्रंदिवस चालू.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं. घट बसतो ना नवरात्रात. देवघरात पत्रावळीवर काळी माती, तिच्यात पाच धान्यं, मधे मातीचा घट, आणि शेजारी अखंड दिवा. दिवा विझू द्यायचा नाही, नऊ दिवस, नऊ रात्री. त्या दिव्याशेजारी, बिनउन्हाचं, धान्य कसं तरारून येतं. जितकं उंच येईल तितकं साल चांगलं. माझ्या आईच्या वेळेला एकदा घट एवढा उंच आला की गावातल्या बायका बघायला आल्या. लहानपणापासनं मी बघितलंय, दिवा आणि रोप म्हणजे असं. अंधार कशाला पाहिजे, आणि देवाला जे चालतं ते वांग्याला चालत नाही होय?

आणि झालंही तसंच. आठ दिवसांत रोपं सरसर वर आली. लांब, नाजूक, पोपटी, थोडी पिवळसर, अगदी घटातल्यासारखी. सून कामावर असताना मी कट्ट्यावरच्या तिघांना घरी घेऊन आलो. तिघंही मोशीचेच, तिघांच्याही जमिनी गेलेल्या. ट्रेपुढं उभं राहून एकजण म्हणाला, "व्हय की राव. घटासारखं आलंय." दुसऱ्यानं हात जोडले. मला वाटलं, आज बायको असती तर.

सून त्या दिवशी लवकर आली. ती दारात उभी होती आणि तिनं ट्रे बघितला. तिघं जाईपर्यंत चहा केला, बशा दिल्या. ते गेल्यावर सुतळीकडं बघून म्हणाली, "मामा, दिवा कशाला वर केलाव?"

"चटका बसत व्हता."

"बसत नाही. ही रोपं वाढली नाहीत मामा. उजेड लांब गेला म्हणून त्याच्या मागं धावायलीत. अंगात काही नाही त्यांच्या. दोन-चार दिवसांत पडतील."

मग मी जे बोललो तेही लिहितो. मी म्हणालो, "तुमच्याकडं प्यायला पाणी टँकरनं येतं, आणि तू मला नदीकाठच्या माणसाला झाड शिकवतीस? माझ्या आईचं बी हाय ते. तुझ्या कंपनीचं न्हाई."

ती आत गेली. त्यानंतर तिनं ट्रेला, दिव्याला, डबीला हात लावला नाही. सकाळी जाताना मला "जेवून घ्या मामा" म्हणायची, आल्यावर "जेवलाव का" विचारायची, तेवढंच. मुलगा दोघांच्या मधे पडला नाही. तो शिफ्टचा माणूस, घरी येतो तो झोपायला.

चौथ्या दिवशी पहिलं रोप आडवं झालं. भुशाशी देठ केसासारखं बारीक झालेलं. मग रोज दोन-तीन. मी काड्या लावल्या, दोऱ्यानं बांधली. बांधलेली उभ्यानं वाळली. आठवड्यात ट्रे मोकळा.

मी दोष दिव्याला दिला. जांभळ्या उजेडात काय जगणार आहे, असं कट्ट्यावर सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी माझा डोळा चालवला. जुन्या बाजारातनं दोन लांब ट्यूब आणल्या, झगझगीत पांढऱ्या, डोळे दिपतील अशा, आणि त्या रॅकच्या वर छताला लावल्या. खोली लख्ख झाली. हा उजेड, म्हटलं. भुसा फेकला, चिखलीवरनं पोतं भरून काळी माती आणली. आणि उरलेलं सगळं बी टाकलं.

सगळं. डबी उलटी करून बुडावर थाप मारली.

तेव्हा सून दारातनं गेली. तिनं डबी उलटी बघितली. एवढंच म्हणाली, "थोडं तरी ठेवा मामा."

मी ठेवलं नाही. त्या वेळी मला हेच दाखवायचं होतं की मला शंका नाही.

पहिल्यापेक्षा कमी उगवलं, आणि जे उगवलं ते पहिल्यासारखंच धावलं. खोलीभर उजेड होता. माझ्या डोळ्याला तो भारी होता. एका दुपारी, कुणी नसताना, मी ट्रेवर हात धरला. सावली पडली का? पडली म्हणायला पडली, पण भांडी घासलेल्या पाण्यासारखी, काठ नसलेली. मी हात काढून घेतला. शिमग्याच्या आत सगळी रोपं आडवी झाली.

त्यानंतर दोन महिने आमच्या घरात वांग्याचं नाव कुणी काढलं नाही. भाजीवाल्याकडची वांगी पण सून आणायची नाही.

वैशाखात ती एक दिवस डबा विसरून गेली. मुलगा कामावर होता. मी म्हटलं, देऊन येतो. खरं सांगायचं तर डबा हे निमित्त होतं. मोशीहून चाकणची बस धरली, पुढं रिक्षा. गेटवरच्या वॉचमननं फोन लावला आणि सून खाली आली. डबा घेऊन ती उभी राहिली, मी पण उभा राहिलो. तिनं विचारलं, "बघता का?"  तिनं वॉचमनकडनं वहीत माझी सही घेतली, मला पायात घालायला पिशव्या दिल्या आणि काचेच्या बाहेरनं खोली दाखवली.

फळीवर फळी, छतापर्यंत, आणि प्रत्येक फळीखाली दिव्याची पट्टी. दिवे पांढरे होते, जांभळे नव्हते. ती म्हणाली, रंग कुठला दिसतो त्यावर काही नाही, आत काय आहे आणि किती जवळ आहे त्यावर आहे. प्रत्येक दिवा बाटलीच्या वर वीतभर. आणि बाटल्यांतली रोपं बुटकी. जाड देठाची, गडद हिरवी, एकाला एक लागून, खाली बसलेली. एक पण वर धावत नव्हतं. कुठं जायची घाई नसल्यासारखी ती तिथंच होती.

मी विचारलं, "किती दिसांची?"

"दीड महिन्याची असतील."

मला घट आठवला. आमचा घट दीड महिन्याचा कधीच नसतो. दहाव्या दिवशी, दसऱ्याला, आम्ही तो उपटतो, टोपीत खोवतो, देवाला वाहतो आणि राहिलेला नदीत सोडतो. पिवळा, उंच, अंगात काही नसलेला. बाराव्या दिवशी तो पडला असता, पण बाराव्या दिवशी तो कुणी बघितलेलाच नाही. माझ्या आईनं नाही, तिच्या आईनं नाही. मी ज्याच्या जोरावर सुनेला टँकरवाली म्हणालो, ते सगळं ज्ञान नऊ दिवसांचं होतं. घटाचं त्यात काही चुकलं नाही. तो नऊ दिवसांसाठीच असतो. त्यातनं वांग्याची शेती मी काढली.

आणि भट्टीचं पण तसंच. लोखंड तापलं की डोळ्याला दिसतं. पान उपाशी असलं की ते डोळ्याला उंच, कोवळं, देखणं दिसतं.

सून काचेत बघत होती, माझ्याकडं बघत नव्हती. मी चुकलो म्हणायला ती जागा चांगली होती. मी म्हणालो, "बस कितीला असंल परतीची?"

घरी येऊन मी डबी काढली. बुडाला राख घट्ट बसलेली होती. पिठाची चाळण घेऊन वर्तमानपत्रावर ती खरवडून चाळली, चष्मा लावून. सात दाणे निघाले. एक फुटका, म्हणजे सहा आणि अर्धा. एका वाटीत ते घालून वाटी सुनेच्या चष्म्याच्या डबीशेजारी ठेवली. तिनं संध्याकाळी बघितली. "मामा, डबीत होते का?" मी म्हणालो, "व्हते."  माळ्यावरनं जांभळी पट्टी काढली, पुसली, टांगली. माझ्याकडं बघून अंगठा आणि करंगळी ताणून वीत धरली आणि मी सुतळीला गाठ मारली. एवढंच आमचं बोलणं.

तिनं बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं, मग ओल्या फडक्यात, मग भुशात. टायमर लावला. चौदा तास, दहा तास. मी रोज सकाळी हात धरून सावली बघायचो, ती ठसठशीत पडायची, बोटं मोजता यावीत अशी. दहा दिवस झाले. पंधरा. तेवीस दिवस तो दिवा रिकाम्या ट्रेवर जळला. सगळं बरोबर होतं, फक्त बी मेलेलं होतं. चोविसाव्या दिवशी सून भुसा उकरून बघायला लागली, तेव्हा मी बाहेर गेलो. आल्यावर ट्रेत तिनं कोथिंबीर टाकली होती. बुटकी, दाट, हिरवीगार आली. आमटीत पडते. वास चांगला आहे. मी तसं तिला म्हणालो नाही.

"मी बरोबर म्हणत होते," हे तिनं आजपर्यंत एकदाही बोलून दाखवलेलं नाही. बोलली असती तर मला भांडता आलं असतं.

यंदा नवरात्रात घट कुठं मांडायचा, असं तिनं विचारलं. दर साली देवघरात बसतो. मी म्हटलं, घट बाल्कनीजवळच्या चौरंगावर मांड, पट्टीखाली. तिनं मांडला. समई तिथंच ठेवली, अखंड, ती तिच्या जागी. वर वीतभर पट्टी.

दसऱ्याला सोनं द्यायला कट्ट्यावरचे तिघं आले. तोच एकजण, घटासारखं आलंय म्हणणारा, घटापुढं वाकला आणि सरळ झाला. "राव, यंदा घट खुजाच राहिला. काय कमी पडलं?" सून चहा घेऊन आली होती, ट्रे हातात, तिथंच थांबली.

मी म्हणालो, "यंदा काय कमी पडलं न्हाई. आजवर पडत व्हतं."

त्याला काही कळलं नाही. त्यानं चहा घेतला. सुनेनं मला कप दिला.

दुपारी थोडा घट उपटून टोपीत खोवला. दर साली तो संध्याकाळपर्यंत मान टाकतो. यंदाचा ताठ राहिला, टोपीतनं कानाला टोचत होता. उरलेला पत्रावळीसकट पिशवीत घालून मी नदीवर गेलो. इंद्रायणीवर फेस होता, नेहमीसारखा. मुळांनी धरून ठेवलेली माती जड होती, हातातनं सुटेना. सगळी वर्षं मी घट सोडत आलो, पण तो त्या दिवशी मरणारच असायचा. हा जगला असता. वावर असतं तर हा रोवता आला असता, आणि डबीत निम्मं बी असतं तर वांगं. मी पत्रावळ पाण्यात ढकलली. ती फेसात अडकून जागच्या जागी फिरत राहिली, हिरवीगार, आणि मी ती पुढं जायची वाट न बघता वर आलो.